सीईएचा एक आकडा आणि कर्करोग पसरल्याचा निवाडा

कोल्हापुरात तालीम मंडळांपासून अपार्टमेंटपर्यंतच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा: रक्तातील सीईए हे प्रथिन पाचच्या (मिलिलीटरमागे नॅनोग्रॅम) आत असेल तर मोठ्या आतड्याचा कर्करोग नाही व कोलोनोस्कोपीची, म्हणजे दुर्बिणीने आतडे तपासण्याची, गरज नाही, ते पाचच्या वर गेले म्हणजे रोग यकृतात पसरला, आणि रोग कोणाच्या शरीरात पसरणार हे खात्रीने सांगणारी नवी प्रथिने आता सापडली आहेत.

यांतले पहिले विधान सर्वांत घातक आहे. सुरुवातीच्या अवस्थेतील बऱ्याच रुग्णांत सीईए वाढलेलेच नसते, आणि काही गाठी रोग पसरल्यावरही हे प्रथिन फारसे तयार करीत नाहीत. शौचावाटे रक्त जात असताना मूळव्याध समजून मलम लावायचे आणि सीईए ‘नॉर्मल’ आले म्हणून निर्धास्त व्हायचे, या क्रमात निदान लांबते.

दुसऱ्या विधानात अर्धसत्य आहे. १९६५ साली मॉन्ट्रियलच्या फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी हे प्रथिन वर्णिले, तेव्हा ते आतड्याच्या कर्करोगाचेच खास चिन्ह वाटले होते. तसे ते नाही, हे पुढे कळले. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत ते मुळातच थोडे अधिक असते, ही गोष्ट निपाणीच्या तंबाखूपट्ट्याला लागून असलेल्या आपल्या जिल्ह्याने तरी विसरू नये. शिवाय रक्तातले सीईए यकृत काढून टाकते, त्यामुळे यकृताचे आजार, पित्तमार्गातील अडथळा, स्वादुपिंडाचा दाह किंवा आतड्याचा जुना दाह यांतही आकडा चढतो. शस्त्रक्रियेपूर्वी सीईए बरेच वाढलेले असणे हे पुढील धोक्याचे लक्षण आहे, एवढे मान्य केलेच पाहिजे. परंतु रोग पसरला की नाही हे सीटी स्कॅनसारख्या तपासण्या, आणि शंका राहिल्यास बायॉप्सी (तुकडा काढून केलेली तपासणी), ठरवतात.

या तपासणीचा खरा उपयोग संदेशात कोठेच नाही. गाठ पूर्ण निघाली असेल तर वाढलेले सीईए साधारण महिना-दीड महिन्यात खाली येते. ते उतरले नाही, किंवा उतरून पुन्हा सलग चढू लागले, तर डॉक्टर रोगाचा शोध घेतात. म्हणून शस्त्रक्रियेनंतरची पहिली काही वर्षे ते ठरावीक महिन्यांनी, शक्यतो एकाच लॅबमध्ये, तपासायचे असते. केमोथेरपीच्या सुरुवातीच्या आठवड्यांत आकडा तात्पुरता वाढू शकतो, त्यामुळे एकाच रिपोर्टवरून घरात रडारड करण्याचे कारण नसते.

तिसऱ्या विधानातील ‘खात्रीने’ हा शब्दच खोटा आहे. २००९ साली बर्लिनच्या संशोधकांनी मॅक-१ या जनुकाचा व रोग पसरण्याचा संबंध दाखवला, आणि तसे इतरही उमेदवार आहेत. पण अशा अभ्यासांतून रुग्णांच्या गटाचा धोका कमी की जास्त हे कळते, समोरच्या एका माणसाचे भवितव्य नव्हे. रोजच्या उपचारात खरोखर वापरली जाणारी प्रथिने वेगळी आहेत. डीएनएतील चुका दुरुस्त करणारी एमएलएच-१, एमएसएच-२, एमएसएच-६ व पीएमएस-२ ही चार प्रथिने पॅथॉलॉजिस्ट गाठीच्या तुकड्यावर रंगप्रक्रियेने पाहतात, रक्तात नव्हे. गंमत अशी की यांतले एखादे नाहीसे झालेले असेल, तर दुसऱ्या टप्प्यातील रुग्णांत रोग परतण्याचा धोका उलट कमी असतो आणि केवळ फ्लुरोयुरॅसिल हे केमोथेरपीचे औषध देऊन सहसा फायदा होत नाही. मात्र लिंच सिंड्रोमची, म्हणजे कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या आनुवंशिक दोषाची, शक्यता तपासावी लागते, कारण तसे निघाल्यास भावंडांची आणि मुलांचीही तपासणी करावी लागते.