शुभार्थींनी करिअर कसं सांभाळावं

स्किझोफ्रेनियातून किंवा नैराश्यातून सावरलात, गोळ्या वेळच्या वेळी घेता आणि आता एखाद्या स्वमदत गटात इतर शुभार्थींना, म्हणजे मानसिक आजार असलेल्यांना, आधार द्यायची नोकरी धरताय? अभिनंदन! या नोकरीत तुमचा आजार हीच तुमची पात्रता. फक्त दुसरीकडे अर्ज करताना तिचा उल्लेख टाळा.

आधी बायोडेटा बघू. आजारपणाची दोन वर्षं त्यात रिकामी दिसतात. तिथे बिनधास्त 'एमपीएससीची तयारी' लिहा. खोलीत कोंडून घेणं, कुणाशी न बोलणं, रात्र-रात्र जागणं, जेवणाची शुद्ध नसणं, सगळी लक्षणं त्यात आपोआप बसतात. वर मामा कौतुकाने सांगतात, 'पोरगा जिद्दी आहे हो!'

कार्डावर हुद्दा 'प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर' छापा. मुलीकडच्या काकांनी 'म्हणजे नक्की काय करता?' विचारलंच, तर 'सीएसआर' म्हणा. काका मान डोलावतील. त्यांनाही ते माहीत नसतं.

सहकाऱ्यांपासून मात्र जपा, कारण ते फार समजूतदार असतात. मीटिंगमध्ये मोठ्याने हसलात, तर डोस कमी पडतोय. गप्प बसलात, तर पुन्हा सुरू झालं वाटतं. पगारवाढ मागताना आवाज जरा चढला की मायेने विचारतील, 'गोळ्या चालू आहेत ना?' तेव्हा पगारवाढ हळू आवाजात मागा. हळू आवाजात मागितलेली पगारवाढ मिळत नाही, पण ती कुणालाच मिळत नाही. एवढी तरी समानता आहे.

मुलाखतीत कायदा काढू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णांच्या हक्कांच्या तक्रारी ऐकणाऱ्या पुनरावलोकन मंडळावर न्यायाधीश आणि मनोविकारतज्ज्ञांच्या पंगतीला शुभार्थी, शुभंकर (म्हणजे त्यांची काळजी घेणारे) किंवा त्यांच्या संस्थांचे प्रतिनिधी यांच्यासाठी दोन जागा ठेवल्यात. मंडळावर बसलेलं चालतं, कॅश काउंटरवर नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत मानसिक आजारही आहे. सवलत हवी तर दाखला काढा, नोकरी हवी तर दाखला कपाटात ठेवा.

10 ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, एखादी कंपनी तुम्हाला भाषणाला बोलावेल. जरूर जा. शाल, श्रीफळ आणि एक रोपटं मिळेल. मानधनाचं विचारू नका, प्रेरणा फुकटच द्यायची असते. एचआरच्या मॅडम डोळे पुसतील. म्हणून लगेच त्यांच्या हातात बायोडेटा देऊ नका. 'आमच्याकडे प्रेशर फार असतं हो, तुम्हाला नाही झेपायचं,' हे सांगताना त्यांना पुन्हा भरून येईल.

महिन्याभराने मॅडमचाच फोन येईल. 'माझ्या ओळखीतल्या एकीला झोपच लागत नाही...' कोण ती, हे विचारू नका. गटाची वेळ सांगा. ओळखीतलीऐवजी मॅडमच येतील. कुणी बघू नये म्हणून चपला उचलून आत आणतील. जाताना देणगी देतील, पण पावतीवर संस्थेचं नाव नको म्हणतील. समजून घ्या. त्यांनाही करिअर आहे.