अहो, थांबा

कोल्हापूरच्या धाकट्या बहिणीला फोनवर सांगितलं, की आम्ही फिफ्थ व्हील घेतलं. ती म्हणाली, "बरं केलंस आक्का. वाटेत पंक्चर झालं तर कुठं शोधत बसायचं?" तिला वाटलं, आम्ही स्टेपनी घेतली. स्टेपनीच असती तर आज हा लेख लिहायची वेळ आली नसती.

फिफ्थ व्हील म्हणजे पिकअपच्या मागं जोडून ओढायचं फिरतं घर, एक प्रकारचा ट्रेलर. आमच्या फिफ्थ व्हीलला चार चाकं आहेत, ते ओढणाऱ्या पिकअपला सहा आहेत आणि ज्याला पाचवं म्हणतात ते चाक कुठंच नाही. जुन्या घोडागाड्यांच्या पुढच्या आसावर एक आडवं चाक असायचं, त्याच्यावर गाडीचा पुढचा भाग वळायचा. ते चाक गेलं, नाव मागं राहिलं. आता त्या जागी पिकअपच्या हौद्यात, मागच्या आसाच्या डोक्यावर, एक लोखंडी जबडा बसवलेला असतो. ट्रेलरच्या नाकाखाली मुसळासारखा एक आखूड खुंट असतो, तो त्या जबड्यात खट्‌कन बसतो. आणि मग त्याच्यामागं चौतीस फुटांचं घर चालू लागतं. स्वयंपाकघर, मोरी, पलंग, कुकर, देव, सगळं धरून वजन १२,००० पौंड, म्हणजे साडेपाच टनांच्या आसपास. "त्यातलं वीस टक्के पिकअपच्या पाठीवर येतं, म्हणून हे बंपरला लावलेल्या ट्रेलरसारखं शेपूट हलवत नाही," हे वाक्य आमच्या ह्यांनी मंडळाच्या गणपतीत इतक्यांना ऐकवलं, की लोक आरती संपली की प्रसाद न घेता निघायला लागले.

हे निवृत्त इंजिनिअर. मूळचे पुण्याचे, त्यातही पेठेतले. त्यामुळं चूक ही गोष्ट त्यांना ऐकून माहीत आहे. ट्रेलर घरी येण्याआधी त्यांनी तेरा कलमांची एक यादी केली, प्लास्टिकमध्ये लॅमिनेट केली आणि पिकअपच्या आरशाला टांगली. लिंबू-मिरची टांगतात तशी.

माझं माहेर पन्हाळ्याच्या पायथ्याचं. आबांची बैलगाडी होती. बैल जुंपले, की गाडी निघायची. अमेरिकेत, ह्यूस्टनला मात्र मला 'जुंपणे' या शब्दाचा दुसरा अर्थ कळला. इथं ट्रेलर जुंपायला घेतला, की आधी आमची दोघांची जुंपते.

कृती तशी सोपी आहे. पिकअपचा फाळका खाली पाडायचा, ट्रेलरचं नाक योग्य उंचीवर आणायचं, पिकअप सावकाश मागं घ्यायची. खट्‌ असा आवाज आला, की जबड्याचा दांडा बंद झालाय का ते डोळ्यांनी बघायचं. विजेची जाड केबल जोडायची. एक बारीक तार अडकवायची. चुकून ट्रेलर सुटलाच, तर ती तार ओढली जाऊन त्याचे ब्रेक आपोआप लागतात. शेवटी ट्रेलरचे ब्रेक दाबून धरायचे आणि पिकअप हलकीच पुढं ओढून बघायची. खुंट नीट बसला नसेल, तर तो इथंच कळलेला बरा. नाहीतर पुढच्या वळणावर साडेपाच टनांचं घर पिकअपच्या हौद्यावर येऊन बसतं. या यादीतलं पहिलंच कलम, फाळक्याचं, ह्यांनी पहिल्याच दिवशी गाळलं. फाळका उभा, गाडी मागं, आणि आवाज खट्‌ असा न येता पत्र्याचा डबा तुडवल्यासारखा. हे खाली उतरले, पोचा आलेल्या फाळक्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तू बोलली नाहीस."

तर पहिला मोठा प्रवास ठरला ह्यूस्टन ते यूटामधलं मोआब. अमरिलोवरून, रॅटन खिंडीतून डेन्व्हर, तिथून आय-७० हा महामार्ग धरून पश्चिमेला. चौदाशे मैलांच्या आसपास.

निघण्याआधी टायरच्या पत्रिका बघितल्या. खरंच असते. टायरच्या कडेवर जो लांबलचक नंबर कोरलेला असतो, त्यातले शेवटचे चार आकडे म्हणजे जन्मवेळ. ३२१८ असेल, तर २०१८ सालचा बत्तिसावा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजून मरत नाहीत, उन्हात उभे राहून म्हातारे होऊन मरतात. वरची नक्षी नव्यासारखी, आणि आत जीव नाही. आमच्यातले दोन सहा वर्षांचे निघाले, बदलले. चाकाच्या बेअरिंगांना वर्षाकाठी ग्रीस लागतं. ते भरताना मला आबांच्या गाडीखाली लटकणारं वंगणाचं नळकांडं आठवलं. मी तसं म्हटलंही. हे म्हणाले, "हे बैलगाडीसारखं नाही." मी काही बोलले नाही. काळं बोट, कण्हणारं चाक आणि पुसायला फडकं न सापडणं, तिन्ही तेच होतं.

वाटेत दर पेट्रोलपंपावर ह्यांचा एक विधी असतो. करोनात दुकानांच्या दारात कपाळाला लावायचे ना, तसलं तापमानाचं पिस्तूल घेऊन हे चारही चाकांभोवती प्रदक्षिणा घालतात. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा तापलं, तर बेअरिंग किंवा ब्रेक बिघडतोय असं समजायचं. मी त्या वेळात घर उघडून बघते. रस्त्यावरच्या घरात रोज भूकंप होतो. अमरिलोच्या अलीकडे गोड्या मसाल्याच्या बरणीचं झाकण उडालं. त्या मसाल्याचा पंख्यावर, पडद्यांवर, उशांवर जो थर बसला तो कोलोरॅडो संपला तरी निघाला नाही. रात्री उशीवर डोकं टेकलं, की कुणाकडे तरी लग्नाच्या पंगतीत झोपल्यासारखं वाटायचं.

डेन्व्हर सोडल्यावर आयझेनहॉवर बोगदा येतो. १९७३ सालचा. त्याचं पश्चिमेचं तोंड ११,१५८ फुटांवर आहे. दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या, तरी तिथवर पोचत नाहीत. आत १३ फूट ११ इंचांपर्यंतच्या गाड्या चालतात. आमची उंची १३ फूट ३ इंच, हे यादीत लाल अक्षरांत लिहिलेलं. तरीही बोगद्यात शिरताना मी मान खाली घातली. शेजारी बघते, तर ह्यांनीही घातलेली.

पण खरी गंमत बोगद्याच्या पलीकडे आहे. तिथून खाली सात टक्क्यांचा उतार लागतो आणि तो संपतच नाही. खंबाटकी उतरताना मी लहानपणी एसटीत देवाचं नाव घ्यायचे, इथं ते परत सुरू केलं. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, ब्रेक तापून निकामी होतात. गिअर खालचा ठेवायचा आणि इंजिनानंच गाडी रोखून धरायची. रस्त्याच्या कडेला ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी खडीचे चढ करून ठेवलेत. तशी पाटी आली, की हे मला सांगायचे, "आपल्याला याची गरज नाही." पाटी मागं गेली, की स्वतःशीच म्हणायचे, "नव्हतीच."

आता टाक्या. हा विषय जेवणाआधी वाचू नये. ट्रेलरच्या पोटात दोन सांडपाण्याच्या टाक्या असतात. करडी म्हणजे आंघोळीची, भांड्यांची. काळी म्हणजे काळी. सोडताना आधी काळी आणि मग करडी, म्हणजे साबणाच्या पाण्यानं नळी धुऊन निघते. सासूबाईंच्या सोवळ्याला ज्यांनी आयुष्यभर नावं ठेवली, ते हे आता हातमोजे, वेगळा शर्ट, वेगळ्या चपला घालून टाकीपाशी जातात आणि तोवर मी त्यांना शिवायचं नाही. नळीच्या तोंडाशी एक पारदर्शक कोपरा असतो. त्यातून काय चाललंय ते दिसतं. मला बघायचं नसतं, पण ह्यांना सांगायचं असतं. "अजून गढूळ आहे... आता बरं येतंय... आता अगदी स्वच्छ, ये, बघ!" मागं तीन गाड्या रांगेत थांबलेल्या असतात.

मोआबला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती, मागचे डोंगर तांबडेलाल झालेले. आमची जागा अशी, की ट्रेलर उलटा आत घालायचा. मागच्या कोपऱ्यात विजेचा खांब, शेजारी एका म्हाताऱ्या जोडप्याचा ट्रेलर. ते दोघं खुर्च्या टाकून आमच्याकडे तोंड करून बसले. तिथं तेवढीच करमणूक असते.

ट्रेलर मागं घेताना सगळं उलटं असतं. चाक डावीकडे फिरवलं, की ट्रेलरची शेपूट उजवीकडे जाते. आबांची गाडी अडकली, की आबा बैल सोडायचे आणि चौघं धुरा धरून गाडी मागं सारायचे. मी मागं उभी, हातात वॉकीटॉकी.

"अहो, जरा डावीकडे घेता का?"

"कुणाच्या डावीकडे?"

"माझ्या."

"तू कुठं तोंड करून उभी आहेस?"

"तुमच्याकडे."

"मग मला दिसत का नाहीस?"

असं पाऊण तास चाललं. सहाव्या खेपेला ट्रेलर बरोबर रांगेत आला, फक्त थांबेना. विजेचा खांब जवळ जवळ यायला लागला. मी बटण दाबलं आणि लग्नानंतर पस्तीस वर्षं जी वाक्यरचना तोंडात बसलीय तीच निघाली, "अहो, थांबा ना जरा..." ती पुरी होईतो खांब आणखी जवळ आलेला. मग वॉकीटॉकी फेकली आणि माहेरच्या गळ्यानं ओरडले, "अरे थांब!"

गाडी जागच्या जागी थांबली. शेजारच्या म्हाताऱ्यानं टाळी वाजवली.

हे उतरले. मागं आले. खांब आणि ट्रेलर यांच्यामध्ये हात घालून बघितला. चार बोटं बसली, अंगठा बसेना. मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता 'अरे'चा हिशोब होणार. पण हे खिशातून कागद-पेन काढून तिथंच टेबलावर बसले. ताशी दोन मैलांनी मागं येणारी गाडी सेकंदाला तीन फूट सरकते. "अहो, थांबा ना जरा" हे माझ्याकडून त्यांनी तीनदा म्हणवून घेतलं, घड्याळ लावून. सरासरी दोन सेकंद. म्हणजे सहा फूट. "अरे थांब" पाऊण सेकंदात आटोपतं.

रात्री पिठलं-भात केला. फोडणी दिली तसा धुराचा भोंगा वाजला, म्हातारं जोडपं पुन्हा खुर्च्यांवर येऊन बसलं.

सकाळी पिकअपमध्ये बसले, तर आरशाला टांगलेल्या यादीवर खाली चिकटपट्टीनं एक चिठ्ठी लावलेली. ह्यांचं तिरपं अक्षर. "कलम १४. गाडी मागं घेताना 'अहो' म्हणू नये. (इतर वेळी लागू नाही.)"