जुनी लेस पॉल : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. गिब्सन कंपनीच्या जुन्या लेस पॉल या इलेक्ट्रिक गिटारींवरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की डोळे बांधून ऐकवलं तर १९५९ची गिटार कुठली आणि कालची कुठली हे भल्याभल्यांना ओळखता येणार नाही. म्हणजे हे सगळं कौतुक पैसेवाल्यांनी फुगवलंय, आणि या गिटारी शेवटी काचेच्या कपाटातच जाणार.

ओळखता येणार नाही, हे मान्य. ‘लाकूड मुरतं तसा आवाज मुरतो’ असं मी लेखात ठामपणे लिहिलं होतं, ते मागे घेतो. भरीव लाकडाच्या इलेक्ट्रिक गिटारमध्ये पिकअप (तारेच्या कंपनाचा विजेचा सिग्नल करणारं चुंबक आणि कॉइल) आणि ॲम्प (तो सिग्नल मोठा करून ऐकवणारं यंत्र) यांचा वाटा इतका मोठा असतो, की तसं सिद्ध करणं मला शक्य नाही.

पण आधी पैसा आला आणि मग कौतुक, हे मात्र खरं नाही. सनबर्स्ट, म्हणजे मध्ये उजळ आणि कडेला गडद होत जाणाऱ्या रंगातली लेस पॉल स्टँडर्ड गिब्सनने अमेरिकेतल्या कालामाझूच्या कारखान्यात १९५८ ते १९६० एवढीच बनवली, दीड हजाराच्या आसपास. ती खपेना. मग कंपनीनेच ती बंद केली आणि त्याच नावाखाली पातळ, दोन शिंगांची गिटार आणली. तीच पुढची एसजी. नको झालेल्या या जड गिटारी सेकंडहँड घेतल्या त्या विशीतल्या वादकांनी. त्यांतला एक एरिक क्लॅप्टन. १९६६ साली जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्स या बँडबरोबर रेकॉर्डिंग करताना त्याने मार्शल ॲम्प स्टेजवर लावतात तेवढा मोठा ठेवला आणि स्टुडिओतही आवाज कमी केला नाही.

त्या रेकॉर्डिंगमधला जाड, फाटलेला सूर कशामुळे आला? या गिटारींतल्या हंबकर पिकअपमुळे. गिब्सनचा इंजिनिअर सेथ लव्हर याने तो तयार केला होता विजेची घरघर घालवायला. शेजारी शेजारी दोन कॉइल, उलट्या जोडलेल्या, आणि त्यांच्याखालची चुंबकाची टोकंही उलटी. त्यामुळे घरघर एकमेकींना मारते आणि तारेचा सूर दुप्पट होऊन पुढे जातो. एवढा जोरकस सिग्नल व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) ॲम्पला पेलत नाही; सूर फाटतो, जाड होतो, लांबतो. रॉक म्हटलं की आपल्या कानात वाजतो तो हाच सूर, आणि तो लव्हरच्या मनातही नव्हता!

मागणी वाढल्यावर गिब्सनने १९६८ला लेस पॉल पुन्हा काढली. पण स्टँडर्ड आली ती सोनेरी रंगात आणि हंबकरऐवजी त्याच्या आधीच्या एकेरी कॉइलच्या पिकअपसह. लोकांना हवी होती ती दुकानात नव्हतीच. जुन्यांचा शोध सुरू झाला तो यामुळे.

आणि या जुन्या गिटारी एकसारख्याही नव्हत्या. त्या काळी कॉइलवर तार किती वेटोळी बसली याचा काटेकोर हिशेब नसे, चुंबकही हाती लागेल ते. ब्लूज गिटारवादक पीटर ग्रीनच्या १९५९च्या लेस पॉलमध्ये तर एका पिकअपचं चुंबक उलटं बसलेलं होतं. दोन्ही पिकअप एकत्र लावले की आवाज पोकळ, नाकातून आल्यासारखा येई. खरं तर हा दोष. पण त्याचा ब्लूज ऐकताना मला तो विव्हळ वाटतो, दुरुस्त करावासा वाटत नाही. ग्रीनने ती गिटार तरुण गिटारवादक गॅरी मूरला अगदी स्वस्तात दिली. मूरने तीस वर्षांहून जास्त वाजवली.

कपाटाबद्दल म्हणाल तर अनेक गिटारींच्या बाबतीत तुम्ही बरोबर आहात, आणि त्याचं मलाही वाईट वाटतं. पण ग्रीनची ही गिटार २०१४ पासून मेटॅलिका या मेटल बँडच्या कर्क हॅमेटकडे आहे, आणि तो ती स्टेडियममध्ये वाजवतो.