लाइट ४ मिनिटं, लाइन ४५ मिनिटं

आज सकाळच्या मीटिंगमधला एक कागद डोक्यातून जातच नाही. कालची सेकंड शिफ्ट, ब्लिस्टर लाइन, म्हणजे गोळ्या स्ट्रिपमध्ये पॅक करणारी. ‘वीज ४ मिनिटं, मेंटेनन्स ४१ मिनिटं’ आणि खाली ठळक अक्षरांत ‘डाउनटाइम ४५’. वर शेरा, लोक रिकामे होते.

गोव्यात वेर्ण्याच्या पठारावर पावसात लाइट कशी जाते-येते हे इथे शिफ्ट करणाऱ्यांना सांगायला नको. पण लाइट आली की मशीन चालू, असं ज्याला वाटतं त्याने एकदा गोळ्यांच्या पॅकिंगला उभं राहावं. स्ट्रिपवर फॉइल चिकटवणारी सीलिंग प्लेट थंड पडलेली. तिच्याखाली अडकलेला माल करपलेला, तो फॉर्मिंगपासून कटिंगपर्यंत सगळा काढायचा, मोजायचा, नोंदवायचा. खोली थंड ठेवणारा चिलर लगोलग उठत नाही, कॉम्प्रेसरवर ताण येऊ नये म्हणून त्याला टायमर असतो. तोवर खोलीत दमटपणा चढतो आणि तो मर्यादेत येईपर्यंत ओल धरणारी गोळी उघडी ठेवता येत नाही. मग मुद्दाम एक पॉकेट रिकामं ठेवलेली स्ट्रिप कॅमेऱ्याखालून न्यायची, मशीनने ती नापास करून बाहेर टाकलीच पाहिजे. शेवटी लीक टेस्ट. निळ्या पाण्यात स्ट्रिप बुडवून व्हॅक्यूम. एका जरी पॉकेटात निळं उतरलं तर पुन्हा तापमान बघा, दाब बघा, पुन्हा टेस्ट.

या ४१ मिनिटांत रिकामं कोण होतं, सांगा ना!

४८० मिनिटांच्या शिफ्टमधून जेवणाची ३० काढली की उरतात ४५०. त्यातली ४५ गेली, उपलब्धता, म्हणजे लाइन चालू राहिलेला वेळ, ९० टक्के. हिशेब बरोबर आहे. यंत्रांच्या देखभालीवर लिहिणारे जपानी तज्ज्ञ सेइची नाकाजिमा, त्यांच्या सहा मोठ्या नुकसानांच्या यादीत सेटअपचा वेळही येतो, हेही मान्य. पण ती यादी यंत्राच्या वेळेची आहे, कोणाला कामचुकार ठरवायची नव्हे.

असे शेरे मारले की पोरं पुढच्या खेपेला घाई करतात. आधीच्या बॅचची एक गोळी चॅनलमध्ये राहिली तर बॅच बाजारातून परत बोलवावी लागू शकते. नाहीतर बिघाड ‘नियोजित देखभाल’ म्हणून दाखवतात, कारण तो वेळ भागाकारातूनच गळतो आणि टक्के छान दिसतात. गोळ्या सोडणारा फीडर दोन-दोन मिनिटं अडकतो, ते तर कुठेच लिहिलं जात नाही. खरा वेळ तिथे जातो!

सुपरवायझरचा तरी किती दोष काढणार, त्याच्या फॉर्मात दोनच रकाने छापलेत. मग चार करा की: लाइट नव्हती, यंत्रणा पूर्ववत, सफाई-तपासणी, बिघाड. घड्याळ शेवटच्या चांगल्या स्ट्रिपपासून पुढच्या पहिल्या चांगल्या स्ट्रिपपर्यंत धरा. प्लेट तापेपर्यंत करपलेला माल काढून होतो, टेस्टचं भांडं भरून होतं, कॅमेऱ्याची स्ट्रिप हाताशी ठेवता येते. पाच-सात मिनिटं अशीच वाचतील. कालची ४१ मिनिटं मात्र आधी ‘मेंटेनन्स’मधून काढून योग्य रकान्यांत लिहा, अजून अख्खा पावसाळा बाकी आहे.