कार्डं जपू नका, बुडवा

खेळाडूंची कार्डं जमवून गब्बर व्हायचंय? मग ती जपायची खोड आधी मोडा. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत लोकांनी बेसबॉल कार्डांचे खोके न फोडता माळ्यावर टाकले. पुढेमागे पोरांच्या कॉलेजची फी निघेल म्हणे. एकाला सुचलं ते सगळ्यांना सुचलं, कंपन्या छापतच सुटल्या. आज त्या काळाला ‘जंक वॅक्स’ म्हणतात; वॅक्स म्हणजे कार्डांच्या पाकिटांचा मेणकागद. जंक म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

तुम्ही कित्ता गिरवा कार्डं छापणाऱ्या टॉप्स कंपनीच्या साय बर्जर यांचा. १९५२चा कार्डांचा संच त्यांनी घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून आखला. त्यातली शेवटची मालिका बाजारात पोचेपर्यंत बेसबॉलचा मोसम उलटत आला होता, माल पडून राहिला. ते स्वतः सांगत की १९६०मध्ये तो तराफ्यावर लादून आपण अटलांटिकमध्ये ओतला. त्याच मालिकेत बेसबॉलचा नामांकित खेळाडू मिकी मँटल होता. बुडण्यातून वाचलेलं त्याचं एक कार्ड २०२२मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. समुद्राला कमिशन मिळाल्याचं ऐकिवात नाही.

समुद्र लांब असेल तर खेळाडूलाच रुसायला लावा. सिगारेटी चुरगळू नयेत म्हणून पाकिटात पुठ्ठा असे, त्यावर खेळाडू छापत. १९०९च्या सुमाराला होनस वॅगनर या बेसबॉलपटूने ‘माझं चित्र नको’ म्हणून छपाई थांबवली. पोरांनी तंबाखूच्या नादी लागू नये म्हणून, असं भाविक सांगतात. पैशांवरून बिनसलं, असं नास्तिक. गडी स्वतः तंबाखू चघळायचा. कार्डं उरली साठाच्या आसपास. त्यातलं एक २०२२मध्ये साडेबहात्तर लाख डॉलरला विकलं गेलं.

आणि हो, कात्री हाताशी ठेवा. वॅगनरच्याच सर्वांत प्रसिद्ध कार्डाला पीएसए या दर्जा ठरवणाऱ्या कंपनीने दहापैकी आठ गुण दिले. कडा अशा कोऱ्या कशा, याचा उलगडा २०१३मध्ये झाला: त्या आपणच कापल्याची कबुली बिल मास्ट्रो या लिलाववाल्याने दिली. लिलावात खोट्या बोल्या लावल्याच्या प्रकरणात त्याला पुढे तुरुंगवासही झाला. म्हणजे कात्री चालते, खोटी बोली चालत नाही. हिशेबाच्या वहीत टिपून ठेवा.

पण या धंद्याचे खरे आधारस्तंभ म्हणजे अमेरिकेतल्या आया. मुलगा कॉलेजला गेला रे गेला की त्याची खोली झाडून कार्डांचे डबे कचऱ्यात टाकणाऱ्या त्या माऊल्या नसत्या, तर जुनी कार्डं दुर्मीळ झालीच नसती. तेव्हा तुमच्या आईने आवराआवर काढली तर कपाळावर आठ्या आणू नका. फक्त शेजारच्या काकूंनी आधी काढलीये ना, तेवढं बघून या.