कोर्टाची मालिका लिहिणाऱ्यांस

मालिका मिळाली? अभिनंदन! आता आधी न्यायाधीशांपुढे लाकडी हातोडा ठेवा. आपल्याकडच्या न्यायालयांत तो वापरत नाहीत, पण तो आपटल्याशिवाय घरच्यांना न्याय झाल्यासारखं वाटत नाही. साक्षीदाराचा हात गीतेवर. 1969 च्या शपथ कायद्यात कुठल्याच ग्रंथाची सक्ती नाही, ईश्वराला न स्मरता नुसत्या प्रतिज्ञेवरही साक्ष देता येते. पण रात्री आठ वाजता नास्तिक कुणाला परवडतो?

नायकाचं आडनाव जपून निवडा. सोनीवरच्या ‘अदालत’मध्ये पाठक होते, त्याच पंक्तीतलं बघा. कांबळे आणि वळवी यांना पट्टेवाला, हवालदार किंवा ‘साहेब, माझं पोरगं निर्दोष आहे हो’ म्हणणारी आई, अशी भरपूर कामं आहेत. समतोल साधायचाच तर मागच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावा. त्यांनी 1923 पासून मुंबई उच्च न्यायालयात वकिली केली, हा तपशील मात्र कुठे येऊ देऊ नका. फोटोतला माणूस खाली उतरून उलटतपासणी घेऊ लागला तर नायकाने काय करायचं?

त्याच 1923 साली कायद्याने बायकांनाही वकिलीची दारं उघडली. तेव्हा एक वकीलबाई घ्या. पहिल्या आठवड्यात तिला ‘ऑब्जेक्शन’ म्हणू द्या, पुढे सासूपुढे हरू द्या. मुस्लिम पात्र एकच, वयस्कर, सगळ्यांचे ‘चाचा’, आणि शक्यतो मध्यंतरापूर्वी मरणारं. जिवंत राहिलं की त्याला मतं असतात. आमदार खलनायक चालेल, फक्त पक्षाचा झेंडा जांभळा ठेवा. त्या रंगावरून अजून कुणी मोर्चा काढलेला नाही.

आरोपी श्रीमंत हवा, बंगल्यातला खून हवा. 2022 अखेरच्या सरकारी आकडेवारीनुसार तुरुंगातल्या दर चौघांपैकी तिघे कच्चे कैदी, खटला संपायची वाट बघणारे. दलित, आदिवासी आणि मुस्लिमांचा त्यांतला वाटा लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा जास्त. पण त्यांच्या गोष्टीत घडतं काय? पोलीसगाडी मिळाली नाही म्हणून आरोपीला आणलंच नाही, पुढची तारीख. जामीन मंजूर झाला, जामीनदार मिळेना, पुन्हा आत. यात पार्श्वसंगीत कुठे वाजवणार?

एखादा गरीब घ्यायचाच असेल तर नायकाने त्याची केस फुकट लढवावी, आईने पायांवर डोकं ठेवावं, त्याने तिला उठवावं. इथे एक पथ्य पाळा. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 नुसार कोठडीतल्या माणसाला मोफत वकील हा हक्काने मिळतो. अनुसूचित जाती-जमातींना आणि स्त्रियांनाही, उत्पन्न न विचारता. हे त्या आईला सेटवर कुणी सांगितलं, तर ती पाया कशाला पडेल?