रिगिंगचा व्हिडिओ बघताना दोराच्या खालच्या टोकाकडे बघा

झाडकामातल्या रिगिंगचे, म्हणजे कापलेला तुकडा दोराने खाली उतरवण्याचे, व्हिडिओ हल्ली भरपूर फिरतात. आर्बोरिस्ट, म्हणजे झाडं चढून कापणारा कारागीर, उंच खोडावर उभा आहे, चेनसॉ चालते, ओंडका सुटतो, दोरावर झोका घेतो आणि अलगद खाली उतरतो. चर्चा होते ती ब्लॉक (दोर ज्यावरून धावतो ती दणकट कप्पी) कुठला, दोर किती मिलिमीटरचा, आपल्याकडे मिळेल का, याची. माझं स्पष्ट मत आहे की त्या कामाची सगळी मदार ज्याच्यावर असते तो माणूस बहुतेक वेळा कॅमेऱ्यात येतच नाही. तो बुंध्याजवळ दोर धरून उभा असतो.

हिशेब करून बघा. 40 सेंमी जाड आणि 1 मीटर लांब ओला ओंडका, घनमीटरला 900 किलो धरले तर सुमारे 113 किलो भरतो. जाडी 30 सेंमी असती तर 64 किलोच. खोड वरून तुकड्या-तुकड्यांनी उतरवताना ब्लॉक कापाच्या खाली बांधावा लागतो, कारण वर बांधायला काही उरलेलंच नसतं. म्हणजे ओंडका उलटून ब्लॉकच्या खाली जातो, त्याचा मध्य दीडेक मीटर खाली येतो आणि मगच दोर ताणला जातो. खालच्याने दोर गच्च आवळून ठेवला असेल तर हिसका वजनाच्या कित्येक पट बसतो. चौपटच धरा: दोरात साडेचारशे किलो. पण ब्लॉकवरून दोर दोन्ही बाजूंनी खाली ओढतो, म्हणून ब्लॉक, त्याची स्लिंग (तो खोडाला बांधायचा जाड दोर) आणि उरलेलं खोड यांच्यावर नऊशे किलोच्या आसपास. आणि कापणारा माणूस त्याच खोडाला बांधलेला असतो!

हे टाळायचा उपाय म्हणजे दोर धावू देणं. बुंध्याला स्लिंगने पोर्टा-रॅप, म्हणजे घर्षणाने दोराला ब्रेक लावणारं धातूचं नळकांडं, बांधायचा, दोराचे वेढे त्यावर घ्यायचे, कापाआधी ढील काढून घ्यायची आणि ओंडका सुटला की दोर सोडत सोडत, खाली जागा असेल तितक्या अंतरात, हळूहळू आवळायचा. हलक्या फांदीला एक वेढा पुरतो, जड तुकड्याला दोन-तीन लागतात. भीतीपोटी चार-पाच वेढे घेतले की दोर धावतच नाही आणि पुन्हा तोच हिसका. वेढ्यांचा अंदाज पहिल्या लहान तुकड्यावर घ्यावा. दोर हाताला गुंडाळायचा नाही, जमिनीवरच्या वेटोळ्यात पाय ठेवायचा नाही, ओंडक्याच्या खाली उभं राहायचं नाही.

पावसाळ्याआधी आपल्या शहरांत छाटणी चालते तेव्हा नेमकं उलटं दिसतं. हार्डवेअरच्या दुकानातला पिवळा किंवा निळा दोर फांदीच्या बेचक्यातून टाकतात आणि खाली दोघे-तिघे हातांनी धरतात, नाहीतर गेटच्या खांबाला बांधतात. तो दोर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. हे प्लास्टिक 165 अंशांच्या आसपास वितळतं, आणि घासून तापलेला दोर बेचक्यात चकाकायला लागला की समजावं, वरचे धागे वितळलेत. पॉलिएस्टर जवळपास 250 अंशांपर्यंत टिकतो आणि उन्हातही कमी कुजतो. ठेकेदाराने जाड दोर घेण्यापेक्षा पॉलिएस्टरचा दोर, एक ब्लॉक आणि खालच्या माणसाचं प्रशिक्षण यावर पैसे घालावेत. दोर जाड असला म्हणून बेचकं फाटायचं थांबत नाही.

झाडही बघायला हवं. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, त्याच्या बेचक्यावर जड फांदी लटकवू नये. रेन ट्रीची आडवी फांदी लांबच लांब असते. ती टोकाकडून लहान तुकड्यांत आणावी. बेचक्यापाशी बुरशीची छत्री दिसली किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर तिथे ब्लॉक बांधायचाच नाही.

हौसेने दोरावर झाड चढणं हा वेगळा आणि फार सुंदर प्रकार आहे. अटलांटात पीटर जेनकिन्स यांनी 1983 मध्ये ‘ट्री क्लाइम्बर्स इंटरनॅशनल’ सुरू केली, तेव्हापासून त्याला संघटित रूप आलं. पण दुपटीचा हिशेब इथेही सुटत नाही. दोर फांदीवरून टाकून दोन्ही बाजू स्वतःशी जोडल्या तर फांदीवर साधारण आपलंच वजन येतं. एकेरी दोराचं दुसरं टोक बुंध्याला बांधून चढलात तर फांदीवर जवळपास दुप्पट. म्हणून आधाराची फांदी जिवंत, किमान 15 सेंमी जाड हवी, आणि दोर खोडालगत पडलेला हवा. चढण्याआधी दोघांनी मिळून दोराला लोंबकळून पाहावं. फांदीची साल सोलवटू नये म्हणून फ्रिक्शन सेव्हर, म्हणजे दोर फांदीवर घासू न देणारं साधन, लावावा. खोडात रुतणारे काट्यांचे बूट फक्त पाडायच्या झाडावर. शेवगा आणि जांभूळ टाळाच, त्यांची फांदी काडकन कशी मोडते हे गावातलं पोरही सांगेल. वड, चिंच चांगली, पण आधी दुर्बिणीने शेंड्यापर्यंत नजर फिरवा. आग्या मोहोळ असेल तर त्या झाडाच्या आसपासही दोर फेकू नका. दोरावर अडकलेल्या माणसाला पळताही येत नाही.

व्हिडिओ टाकणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: तुकड्याचं अंदाजे वजन, ब्लॉक कापापासून किती खाली, वेढे किती, दोर किती मीटर धावला, एवढं लिहाच. एक कॅमेरा खाली लावा. आणि चढाईचा दोर रिगिंगला, रिगिंगचा दोर चढाईला कधीही वापरू नका. हिसके खाल्लेला दोर बाहेरून धडधाकट दिसतो. दोन्ही दोरांचे रंग वेगळे ठेवा आणि पिशव्याही वेगळ्या.